डिप्लोमा मेकॅनिकलचा पेठेतला क्लास: एसओएम लावा, पॅकेजच्या नादी लागू नका

आधीच सांगून टाकते, क्लासचं नाव लिहिणार नाहीये, कारण पुढे बरीच तक्रार आहे आणि ज्या सरांमुळे माझा विषय निघाला त्यांना उगाच त्रास नको. पुण्याच्या पेठेतला क्लास, जुन्या वाड्याचा दुसरा मजला, फक्त डिप्लोमावाले, एवढं पुरे. मी तिथे दोन वेळा गेले, पहिल्यांदा एसओएम, म्हणजे स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स, या एकाच विषयासाठी, दुसऱ्यांदा चार विषयांचं पॅकेज घेऊन, आणि दोन्ही वेळचा अनुभव इतका वेगळा की एकाच क्लासबद्दल लिहितेय असं मलाच वाटत नाही. स्टार द्यायचे तर पहिल्या वेळेला साडेचार आणि दुसऱ्या वेळेला दीड, सरासरी तुम्हीच काढा.

थोडं माझं सांगते म्हणजे कोण बोलतंय ते कळेल. राहायला कामशेत, पप्पा भोसरी एमआयडीसीत लेथवर, दहावी 2022 ला झाली आणि कॅप राऊंडला पुण्यातल्या एका प्रायव्हेट पॉलिटेक्निकला मेकॅनिकल लागलं. आत्या म्हणाली कॉम्प्युटर घे, पोरींनी ऑइलात हात घालायचे असतात का, पप्पा म्हणाले घालू देत, माझे बावीस वर्षं आहेतच. साठ जणांच्या वर्गात आम्ही पाच मुली. पहिलं वर्ष मजेत गेलं. वर्कशॉपला फिटिंगचा जॉब होता, एमएस फ्लॅट, म्हणजे माईल्ड स्टीलच्या पट्ट्या, कानशीने घासून घासून मेल-फिमेल तुकडे एकमेकांत बसवायचे, तेव्हा तळहाताला फोड आले पण जॉब बसला तेव्हा जो आवाज होतो ना त्याला तोड नाही. ड्रॉइंगच्या शीट्स मात्र मी सरळ जीटी मारल्या. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, जीटी म्हणजे दोन खुर्च्यांवर काच ठेवायची, खाली ट्यूब लावायची, खाली मैत्रिणीची शीट वर आपली कोरी शीट आणि गिरवायचं. तासाभरात शीट तयार. सही मिळते, टर्मवर्क मिळतं, डोक्यात शून्य.

ते शून्य तिसऱ्या सेमला बाहेर पडलं. एसओएम, म्हणजे जोर आला की वस्तूत किती ताण येतो ते काढायचा विषय. एमएसबीटीई म्हणजे आमचं डिप्लोमाचं बोर्ड, त्याच्या आय स्कीमला (आमच्या वेळचा अभ्यासक्रम) थिअरीचा पेपर 70 चा, त्यात पास व्हायला 28 लागतात. 28 म्हणजे काय, डाव्या हाताचा खेळ वाटतो लांबून. विंटर 2023 च्या परीक्षेला मला 19 पडले. मला वाटलं तपासणाऱ्याची काहीतरी चूक आहे म्हणून उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवली, पैसे भरून, आणि ती उघडून बघितली तर तपासणाऱ्याने उलट दोनचार मार्क दयाबुद्धीने दिले होते. बीमच्या म्हणजे तुळईच्या गणितात मी एफबीडी (कुठून कुठून जोर येतो त्याची आकृती) काढलीच नव्हती, रिअॅक्शन म्हणजे टेकूंचे जोर चुकलेले, त्यावर शिअर फोर्सची (कापणाऱ्या जोराची) आकृती काढलेली आणि ती शेवटी शून्यावर यायलाच हवी, येत नाहीये तर मी पट्टी जरा तिरकी धरून आणून टेकवली होती. स्वतःचीच चोरी स्वतःच्या अक्षरात बघणं फार वाईट असतं राव.

तर मग क्लास. वर्गातल्या एका मुलाने सांगितलं की फक्त एसओएम लावायचं तर हा, सर आधी टूलरूमला होते, नोकरी सोडून शिकवतात. फी 3500 एका विषयाची, दोन हप्त्यात. सकाळी सातची बॅच. मी कामशेतहून पहाटेच्या लोकलने शिवाजीनगरला उतरायचे, तिथून मनपापर्यंत चालत, नवा पूल ओलांडून शनिवारवाड्याच्या बाजूने पेठेत. जानेवारीत त्या पुलावर जी थंडी लागायची ती विचारू नका, हातात शीट कंटेनर आणि पाठीला बॅग, आणि खाली मुठा आपली काळी संथ. पावसाळ्यात लोकलचा भरवसा नाही म्हणून लांबून येणाऱ्यांनी सातची बॅच घेताना विचार करा, साडेदहाचीही असते पण कॉलेजच्या वेळेत येते.

पहिल्या दिवशी जिन्याच्या शेवटच्या वळणावर तुळई डोक्याला लागली. सणसणीत. लाकडी जुनी तुळई, मधेच खाली आलेली, आणि तिच्यावर कोणीतरी खडूने बाण काढून ठेवलेला जो अंधारात दिसतच नाही. मी डोकं चोळत वर गेले तर सर दारातच उभे, म्हणाले लागलं का गं, बरं झालं, आज तिच्यावरच गणित आहे. मला वाटलं काय माणूस आहे हा.

पण खरंच तिच्यावरच गणित होतं. तीच तुळई जिन्यावरून पुढे वर्गाच्या छताखालून भिंतीपर्यंत गेलेली आहे. सरांनी टेप काढली, आम्ही चौदा जण होतो, दोघांना स्टुलावर चढवलं. दोन्ही टोकं भिंतीत टेकलेली, मधे चार मीटर, रुंदी 100 मिमी, उंची 150. वर माळा आहे, फळ्या, माती, जुने पेपरचे गठ्ठे, त्याचं वजन सगळीकडे सारखं पसरलंय असं धरू आणि धरू मीटरला 2 किलोन्यूटन. मग फळ्यावर आधी नुसती एक रेघ, खाली दोन त्रिकोण, वरती बाण. सर म्हणाले आता हात वर करून सांगा, ही तुळई खाली का पडत नाहीये. कोणी बोलेना. एक जण म्हणाला भिंत धरून ठेवते. बरोबर, किती जोर लावते? एकूण वजन आठ, दोन भिंती, वजन सारखं पसरलेलं, म्हणजे चार आणि चार. हे झालं रिअॅक्शन काढणं. यासाठी मी एक अख्खी सेम सूत्र पाठ करत होते.

मग मधोमध वाकण्याचा जोर किती, डब्ल्यू एल स्क्वेअर बाय आठ, म्हणजे दोन गुणिले सोळा भागिले आठ, चार किलोन्यूटन मीटर. इथपर्यंत कॉलेजातही होतं. पण त्यानंतर सरांनी कपाटातून फोमचा एक लांब ठोकळा काढला, सोफ्यात असतो तसला, त्याच्या बाजूला स्केचपेनने उभ्या रेघा समान अंतरावर मारलेल्या आणि मधोमध एक आडवी लाल रेघ. दोन्ही टोकं धरून मधे खाली वाकवला. वरच्या बाजूला रेघा जवळ जवळ आल्या, खालच्या बाजूला फाकल्या, आणि लाल रेघेवर अंतर आहे तेवढंच. प्रत्येकाच्या हातात दिला तो ठोकळा. सर काही बोललेच नाहीत, सगळीकडून फिरून परत आला तेव्हा फक्त म्हणाले लाल रेघ म्हणजे न्यूट्रल अॅक्सिस, पाठ करायची गरज आहे का आता? त्या दिवसापासून एम बाय आय इज इक्वल टू सिग्मा बाय वाय इज इक्वल टू ई बाय आर हे मला मंत्रासारखं नाही तर फोमसारखं दिसतं. एम वाकवणारा जोर, आय तुळईच्या आकाराचा हिशोब, सिग्मा ताण, ई लाकडाचा ताठरपणा, आर वाकलेल्या गोलाईची त्रिज्या, आणि वाय म्हणजे लाल रेघेपासून किती लांब, लांब गेलं की ताण वाढला, संपलं.

आणि मग सुताराचा प्रश्न. तुळई उभी का बसवली, आडवी का नाही, आडवी बसवली असती तर तुझं डोकं वाचलं असतं ना, असं माझ्याकडे बघून. सगळे हसले, आणि मग गणित केलं. उभी ठेवली तर सेक्शन मॉड्युलस (म्हणजे आय बाय वाय, जितका मोठा तितका ताण कमी) 100 गुणिले 150 चा वर्ग भागिले सहा, पावणेचार लाख घन मिमी. तीच आडवी पाडली तर 150 गुणिले 100 चा वर्ग भागिले सहा, अडीच लाख. लाकूड तेच, वजन तेच, आणि ताण उभीमध्ये साधारण 10.7 न्यूटन पर एमएम स्क्वेअर, आडवीत 16. दीडपट. ज्याने कोणी हा वाडा बांधला त्याला आय बाय वाय माहीत नव्हतं पण हाताला माहीत होतं. नंतर घरी येऊन पप्पांना सांगितलं तर ते म्हणाले मग आमच्याकडे पट्टी उभी धरून का वाकत नाही हे इतकी वर्षं कोणी सांगितलं नाही बघ.

मी एवढं लांबवून लिहितेय कारण क्लासचा पैसा ह्याच्यासाठी असतो. नोट्स सगळीकडे मिळतात. मॉडेल आन्सर पेपर तर बोर्डच साईटवर फुकट टाकतं, मागच्या कितीतरी परीक्षांचे. फोम हातात देणारा माणूस फुकट मिळत नाही.

बाकी एसओएमच्या बॅचमध्ये दर रविवारी 70 मार्कांची टेस्ट, अगदी बोर्डाच्या पॅटर्नने, पहिला प्रश्न दोन दोन मार्कांचे कोणतेही पाच, मग चार मार्कांचे, शेवटी सहा मार्कांचे. पेपर सर स्वतः लाल पेनने तपासायचे आणि युनिट लिहिलं नाही की सरळ अर्धा मार्क कापायचे, मग तुम्ही कितीही रडा. एकदा एकाने लिहिलं ताण चाळीस, सरांनी बाजूला लिहिलं चाळीस काय, बटाटे? टॉर्शनसाठी, म्हणजे पीळ समजायला, ओला टॉवेल पिळायला लावायचे, ते जरा पोरकट वाटलं मला, पण शाफ्टचा, म्हणजे फिरणाऱ्या दांड्याचा, बाहेरचा थरच जास्त ताण खातो म्हणून पोकळ शाफ्ट वजनाच्या मानाने चांगला का, हे तिथून जे डोक्यात बसलं ते बसलंच. समर 2024 ला एसओएमला 51 पडले. 19 चे 51. साडेचार स्टार. अर्धा का कापला ते सांगते, संडास. जिन्याखाली एकच, मुलामुलींना कॉमन, कडी तुटलेली, आत जायचं तर मैत्रिणीला बाहेर उभं करायचं. त्या बॅचला मी एकटीच मुलगी होते. सरांना कसं सांगायचं म्हणून दोन महिने कॉलेजला पोचेपर्यंत थांबायचे. मुलींनी चौकशीला जाल तेव्हा हे पहिलं बघा, लाजू नका, फी विचारण्याआधी बघा.

आता दुसरी वेळ. एसओएम निघालं पण त्याच समरला फ्लुइड मेकॅनिक्स अँड मशिनरी (पाणी, पंप, टर्बाईनचा विषय) उडालं, 24. म्हणजे पाचव्या सेमला पाचव्याचे विषय आणि डोक्यावर हे. मी विश्वासाने परत त्याच क्लासला गेले. यावेळी मात्र खाली नवीन ऑफिस झालेलं, काचेचं दार, फ्लेक्स, एसी, आणि मॅडम. (फ्लेक्सवर टॉपरचे फोटो होते, त्यातली एक माझ्या वर्गातली, तिचाच फोटो दुसऱ्या एका क्लासच्या फ्लेक्सवर पण होता. मी तिला विचारलं तू दोन्हीकडे होतीस का, ती म्हणाली मी एकाकडेही नव्हते, एका ठिकाणी फक्त टेस्ट सिरीज दिली होती.) मॅडमनी समजावलं की एकेक विषय घेतला तर 3500 प्रमाणे 14 हजार, आणि पॅकेज घेतलं तर 11 हजारात चारही, सर स्वतः लक्ष घालतात. फ्लुइड, मशीन डिझाईन, पॉवर इंजिनिअरिंग अँड रेफ्रिजरेशन आणि अॅडव्हान्स मॅन्युफॅक्चरिंग. पप्पांनी भिशीचे पैसे काढून एकरकमी भरले, कारण एकरकमी भरलं की आणखी 500 कमी. ही आमची चूक. हप्त्यात भरले असते तर मधेच थांबवता आलं असतं.

सरांनी शिकवलं ते फक्त मशीन डिझाईन, आणि ते नेहमीसारखं भारी. नकल जॉइंटचा, म्हणजे दोन दांडे पिनने जोडायच्या सांध्याचा, प्रश्न येतोच, त्यात पिन डबल शिअरमध्ये तुटते हे सगळे घोकतात. सरांनी उसाच्या ट्रॉलीची पिन आणून ठेवली होती, तुटलेली, कुठून मिळवली देव जाणे. तीन तुकडे. मधला तुकडा मधल्या कानाच्या रुंदीएवढा. दोन ठिकाणी कापली गेली म्हणून एरिया दोनदा धरायचा, एवढंच. साताऱ्याकडची दोन मुलं होती ती म्हणाली आमच्याकडे अशा ढिगाने पडलेल्या असतात, आम्हाला काय माहीत ह्याला डबल शिअर म्हणतात.

उरलेल्या तीन विषयांना सर आलेच नाहीत. फ्लुइडला एक दादा होता, बीईच्या शेवटच्या वर्षाचा, मुलगा चांगला, आवाज चांगला, पण तो मोबाईलमध्ये मॉडेल आन्सर उघडून फळ्यावर उतरवायचा आणि आम्ही वहीत. एकदा पेल्टन व्हील, म्हणजे पाण्याच्या धारेवर फिरणारं टर्बाईनचं चाक, चालू होतं. त्यात पाण्याची धार बकेटवर आदळून जवळपास उलटी वळते, 165 अंशाच्या आसपास. मी विचारलं पूर्ण 180 का नाही करत, जास्त वळली तर जास्त जोर मिळेल ना. दादा म्हणाला पाठ कर, दोन मार्काला येतं. मी गप्प बसले पण डोक्यातून जाईना. उतरताना जिन्यात सर भेटले, चपला घालत होते, त्यांना विचारलं. वाकूनच म्हणाले पाणी सरळ मागे फेकलंस तर मागून येणाऱ्या बकेटच्या पाठीत बसेल ना गं, जरा बाजूने काढून द्यावं लागतं. झालं, जिन्यात दहा सेकंदात. आणि वर जाताजाता म्हणाले तू लोणावळ्याकडची ना, तुमचंच पाणी खाली खोपोलीला जाऊन 1915 पासून पेल्टन फिरवतंय. मला हे माहीतच नव्हतं. आयुष्यभर वळवणचं धरण वडापाव खायची जागा म्हणून बघितलं होतं.

म्हणजे माझी तक्रार त्या दादावर नाहीये. त्याला तासाचे पैसे किती मिळत असतील देव जाणे. तक्रार ही की बाहेर सरांचं नाव लावून आत दुसराच उभा करायचा आणि विचारलं की मॅडम फॉर्मवरची बारीक ओळ दाखवणार, फॅकल्टीत बदल होऊ शकतो. ती ओळ खरंच होती, आम्हीच वाचली नव्हती.

वर लेक्चर्सचा घोळ. फ्लुइडचे 24 तास कबूल केलेले. त्या वर्षी गणपती 7 सप्टेंबरला बसले आणि 17 ला विसर्जन, आणि पेठेतला क्लास म्हणजे त्या दहा दिवसात संध्याकाळी रस्ते बंद, सकाळी ढोलताशाने झोप न झालेली मुलं, तर सुट्टी दिली, ठीके, ती मान्य, गणपतीत पेठेत शिकायचं म्हणणाराच वेडा. पण रविवारी भरून काढू म्हणाले ते रविवार काही आले नाहीत. मी वहीच्या मागच्या पानावर तारखा लिहून ठेवल्या होत्या, परीक्षेपर्यंत तेरा भरले. हायड्रोलिक पंप तर एका तासात उरकला, सेंट्रिफ्युगल पंपाला प्रायमिंग का लागतं ते सांगताना बेल झाली. मी पैसे परत मागितले, सगळे नाही, न झालेल्या तासांचे. मॅडम म्हणाल्या एकदा भरलेली फी परत मिळत नाही, पावतीवर शिक्का आहे. पप्पा स्वतः सुट्टी टाकून आले, लेथवरचा माणूस, फार भांडत नाहीत, नुसते म्हणाले ताई, आमच्याकडे पाच जॉबचे पैसे घेऊन तीन दिले तर गिऱ्हाईक काय करेल सांगा. मॅडमनी त्यांना पाणी दिलं, पैसे नाही दिले. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

प्रायमिंगचं उत्तर तसं घरीच मिळालं, शेजारच्या शेतातली मोटर सुरू करताना काका आधी पाईपात पाणी ओततात ना तेच, केसिंगमध्ये हवा असेल तर ती इतकी हलकी की फिरवून पुरेसा दाब तयारच होत नाही, पाणी वर ओढलं जात नाही. पुढचं फ्लुइड मी असंच केलं. एबीसीतून, म्हणजे अप्पा बळवंत चौकातून, सेकंड हँड पुस्तक 120 रुपयाला घेतलं, आधीच्या मालकाने महत्त्वाच्या प्रश्नांवर टिकमार्क केलेले होते आणि एका पानावर कुणाचं तरी नाव आणि बाण काढलेलं हृदय. मॉडेल आन्सर घेतले, पण उत्तर झाकून आधी स्वतः सोडवायचं आणि मग उघडायचं, हे सरांनी पहिल्या टर्मला लावलेलं वळण. विंटर 2024 ला 37 आले. पास. पॉवर इंजिनिअरिंगलाही तसंच. म्हणजे 10,500 भरून मी एक विषय क्लासला शिकले आणि तीन घरी. दीड स्टार, तो पण पूर्ण नकल जॉइंटचा.

आता जे चौकशीला जाणार आहेत त्यांच्यासाठी. फॉर्मवर सही करायच्या आधी विषयाच्या समोर शिकवणाऱ्याचं नाव लिहून मागा, लिहून देत नसतील तर समजून जा. एकरकमी भरू नका, 500 रुपयांचं डिस्काउंट फार महागात पडतं. डेमो लेक्चर ज्याचं बघाल तोच माणूस पुढे असेल का हे विचारा, कारण डेमोला सगळीकडे हिरोच उभा करतात. ऑटोनॉमस कॉलेजची मुलं, म्हणजे पुण्याच्या गव्हर्नमेंट पॉलिटेक्निकसारख्या ठिकाणची, त्यांचे पेपर त्यांचं कॉलेजच काढतं, त्यामुळे बोर्डाच्या पॅटर्नवर घेतलेल्या टेस्ट सिरीजचा त्यांना तेवढा उपयोग नाही, पण क्लासवाले हे आपणहून सांगत नाहीत. आणि 2023-24 ला किंवा नंतर ज्यांनी फर्स्ट इयरला अॅडमिशन घेतली ते के स्कीमचे, म्हणजे नव्या अभ्यासक्रमाचे, आमच्या आय स्कीमच्या नोट्स जशाच्या तशा विकत घेऊ नका, सिलॅबस बोर्डाच्या साईटवरून उतरवून शेजारी ठेवा आणि मगच झेरॉक्सवाल्याकडे जा.

ड्रॉइंगसाठी मात्र कुठलाच क्लास लावू नका असं माझं स्पष्ट मत आहे. ड्राफ्टर (बोर्डला लावून रेघा मारायचं साधन) घ्या, टू एचची पेन्सिल घ्या आणि जीटी मारू नका, बस. एबीसीत मिनी ड्राफ्टर घेताना दुकानातच बोर्डला क्लॅम्प करून एक उभी एक आडवी रेघ मारून बघा, माझा पहिला ड्राफ्टर अर्धा डिग्री खोटं बोलायचा आणि मला वाटायचं माझाच हात वाकडा आहे. शीट घरी नेल्यावर कळलं तर दुकानदार ओळख दाखवत नाही.

एक गोष्ट राहिली. फायनलला असताना चाकणच्या एका कंपनीत अॅप्रेंटिसच्या इंटरव्ह्यूला गेले होते. समोर दोघं होते, एकाने मार्कशीटकडे बघितलंसुद्धा नाही, टेबलावरून वर्नियर पुढे सरकवला आणि एक छोटा बुश दिला, म्हणाला माप सांग. मी आधी जबडे मिटवून झिरो एरर बघितला, मग माप घेतलं. तो म्हणाला लीस्ट काउंट किती, मी म्हटलं 0.02, तो म्हणाला कशावरून, मी म्हटलं वर्नियर स्केलवर पन्नास घरं आहेत आणि ती मेन स्केलच्या एकोणपन्नास मिलिमीटरवर बसलीत, म्हणून एका घरात एक भागिले पन्नासचा फरक. तो पहिल्यांदा हसला. हे मला ना कॉलेजने शिकवलं ना क्लासने, म्हणजे दोघांनी शिकवलं असेल पण ते डोक्यात गेलं आठवीत, पप्पांनी स्वयंपाकघरात पोळपाटावर वर्नियर ठेवून लाटण्याचा व्यास मोजायला लावला होता तेव्हा. आई ओरडत होती पिठात ऑइल लागेल म्हणून.

अॅप्रेंटिसशिप लागली, आता भाऊ दहावीला आहे आणि त्यालाही मेकॅनिकलच पाहिजे. तो तिसऱ्या सेमला आला की त्याला त्याच वाड्यात पाठवणार आहे, फक्त एसओएमला, 3500 रोख, दोन हप्त्यात, पॅकेजचं नाव काढलं तर उठून ये असं सांगून. गेल्या महिन्यात सरांना भेटायला गेले होते तेव्हा बघितलं, संडासाला नवीन कडी बसलीये, मुलींची वेगळी सोय अजून नाही. फोमचा ठोकळा तोच आहे, रेघा पुसट झाल्यात, सरांना म्हटलं मी नवीन मारून देते तर म्हणाले लाल रेघ तेवढी नीट मधोमध मार. मारून दिली, दोन्हीकडून मोजून.

ज्यांना कळायचं त्यांना कुठला क्लास ते कळलं असेलच. वर जाताना शेवटच्या वळणावर डोकं सांभाळा, खडूचा बाण अजूनही दिसत नाही.